वालधुनीकाठची उन्हाळी शाळा

जागतिक प्रश्न म्हणजे दूरदेशीचे प्रश्न, असा समज विठ्ठलवाडीकरांनी तरी बाळगू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या १७ ध्येयांपैकी सहावे ध्येय शुद्ध पाण्याचे आहे; आणि कारखान्यांची रसायने व वस्त्यांचे सांडपाणी वाहणारी वालधुनी आपल्या दाराशी आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वयाच्या मुलांना अशाच स्थानिक प्रश्नांचे संशोधन करावयास लावते. आपल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीही उन्हाळी सुटीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ठरावीक ठिकाणी पाण्याचा रंग, तापमान व सामू दर आठवड्यास नोंदवावा. नोंदी महानगरपालिकेपुढे ठेवाव्यात. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी आपले रविवार द्यावेत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. पाणीच विषारी झाले, तर त्या हक्काचे रक्षण आपण केले असे कसे म्हणावे?