डेमो किती तपासायचा?
९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्झनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर अर्धकच्चं होतं. आधी ईमेल, मग इंटरनेट असं केलं तर फोन नीट चाले. उलट केलं की बंद पडायची भीती! म्हणून इंजिनिअरांनी न अडकणारा क्रम शोधून तोच घोटवून घेतला. रेंजच्या पाचही दांड्या कायम दिसतील अशीही सोय केली. (हे मला पटत नाही. क्रम ठरवणं ही तयारी. खोटी रेंज ही फसवणूक.) विक्री सुरू झाली २९ जूनला.

मंचावर बोट आपलं असतं, ठरलेली वाट तपासली तरी भागतं. डाउनलोडला ठेवलेल्या डेमोत मात्र लोक कुठेही टॅप करणार. तो पूर्ण तपासूनच सोडा, विशेषतः तो त्यांच्या फाइल्सना हात लावत असेल तर.