धुराडे आहे, धूर नाही! वाफेच्या रूपातले बॅटरी इंजिन चालते कसे?

बॉयलर आहे, पण आत पाणी नाही. धुराडे आहे, पण कोळसा नाही. तरीही कमरेएवढ्या उंचीचे हे इंजिन दहा मुलांना सहज ओढते. कसे? समजून घेऊया.

मूळ इंजिन कोणते?
बंगाल नागपूर रेल्वेच्या नॅरोगेज मार्गांसाठी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने ‘सीसी’ इंजिने बांधली. पुढे 4, मध्ये 6, मागे 2 चाके. ओढण्याचे काम मधल्या सहांचे. रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. बागेतल्या रेल्वेत 184 मिलिमीटरचे रूळ सर्रास वापरतात, म्हणजे मूळच्या साधारण पाव. पण लांबी, रुंदी, उंची पाव झाली की वजन चौसष्टाव्या हिश्श्यावर येते.

ताकद किती लागते?
इंजिन 150 किलो, डबे 150, मुले 500; एकूण 800 किलो धरू. सपाट रुळावर ओढायला सुमारे 8 किलोचा जोर पुरतो. शंभर मीटरला एक मीटर चढ आला, की तो दुप्पट, 16 किलो होतो. ताशी 7 किलोमीटर वेगाला गळतीसह 500 वॅट धरा. म्हणजे घरातल्या मिक्सरएवढी मोटार! 24 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी चार तास तरी चालेल.

मग अडचण कुठे?
पकडीत. 150 किलोचे इंजिन कोरड्या रुळावर साधारण 30 किलोचा जोर लावू शकते. पावसात हा आकडा निम्म्यावर, 15 किलोवर येतो आणि चढावर चाके जागीच फिरतात. म्हणून जड बॅटरी मुद्दाम मधल्या सहा चाकांवर बसवतात. बाजूचे दांडे चाकांसोबत हलतात. सिलिंडर मात्र शोभेचे.

आपल्याकडे याचे महत्त्व काय?
1908 मध्ये सुरू झालेली नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजसाठी नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली. वडसा, नागभीड, चांदा फोर्ट या मार्गावरची छोटी गाडी 1990च्या दशकातच गेली. नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात नॅरोगेजची जुनी इंजिने आहेत. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या बागेत उद्या छोटी रेल्वे आलीच, तर कार्टूनच्या तोंडाचे इंजिन आणण्यापेक्षा याच मापांवरून आपले इंजिन घडवता येईल. खर्च मोटारीत नाही, पत्र्याच्या आकारात आहे. आजोबा ज्या गाडीने नागपूरला गेले, ती नातवाला निदान ओळखता तरी येईल.