मोजा, एकशे ऐंशी कोटी!

सहारा म्हटलं की आपण झाडांच्या रकान्यात शून्य मांडून मोकळे होतो. ते शून्य आता खोडायला हवं. पश्चिम आफ्रिकेत सहारा, त्याच्या दक्षिणेचा साहेल आणि त्याहून खालचा जरा ओलसर पट्टा मिळून १३ लाख चौरस किलोमीटर जमीन शास्त्रज्ञांनी मोजणीसाठी घेतली. चार महाराष्ट्र मावतील आणि तरी जागा उरेल एवढी! २०२० साली कोपनहेगन विद्यापीठाचे मार्टिन ब्रांट, नासाचे काँप्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांवरून तिथली झाडं मोजली. जंगलाचा अंदाज नव्हे, सुटं सुटं झाड. निघाली १८० कोटी!

भारतात तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला एकेक वाटलं, तरी तीस कोटींहून जास्त शिल्लक. सेकंदाला एक मोजत, डोळ्याला डोळा न लावता बसलात तर ५७ वर्षं. जेवायला उठलात की संपलंच.

आणि ही झाडं केवढी? चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. ज्याच्या माथ्याचा पसारा तीन चौरस मीटरहून मोठा ते झाड, म्हणजे जेमतेम बारा ठिपके! मधल्या मापाच्या झाडाचा पसारा १२ चौरस मीटर, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीहून थोडा मोठा. सुमारे ९० हजार झाडं आधी हाताने खुणावून संगणकाला शिकवली. पुढचं त्याने ओळखलं. कसं, ते त्यालाच ठाऊक. आपण पुढे जाऊ.

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. दर पाच मीटरवर एक झाड लावा. एका ओळीत बसली ३० हजार. मग १८० कोटींना ओळी किती? साठ हजार!

पण ती अशी दाटीने नाहीतच. सरासरी काढली तर एकरी पाच-सहा. खऱ्या कोरड्या वाळवंटात साडेतीन एकरांत एखादं. तरीही बेरीज १८० कोटी!

एवढ्यावर थांबतील तर ते शास्त्रज्ञ कसले? २०२३ साली त्यांनी अटलांटिकपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा कोरडा पट्टा घेतला. तीन लाखांहून जास्त चित्रं, जवळपास ९९० कोटी झाडं. जगातल्या माणसांहून जास्त! पसाऱ्यावरून प्रत्येकातला कार्बनही काढला: एकूण ८४ कोटी टन. कोळशाच्या मालगाडीत चार हजार टन भरले, तर गाड्या लागतील दोन लाख दहा हजार. एकीला एक जोडत गेलात तर पृथ्वीला तीन वेढे घालूनही गार्डाचा डबा बाहेरच!

आता श्वास घ्या. २०१५ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर झाडं आहेत तीन लाख कोटी. म्हणजे आत्तापर्यंत आपण मोजली, ती तीनशेतली एक.