सात रंगांच्या फिती

सकाळी ९:४५
बायोमेट्रिकवर अंगठा लावून मी थेट खण उघडते. तहसील कार्यालयात निराधार योजनेचं टेबल माझ्याकडे आहे. खणात सात रंगांच्या फिती आहेत, लेकीच्या स्नेहसंमेलनातून उरलेल्या. आज आलेली प्रत्येक फाइल आजच्या रंगाने बांधायची. आज जांभळा. सात कामाचे दिवस सरले की जांभळा परत येतो, आणि तोवर जुनी जांभळी फीत टेबलावर उरली असेल तर ती फाइल मी अडवली, हे दारातून येणाऱ्यालाही दिसतं. फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका माणसाकडे राहू नये, असं बदल्या आणि विलंबाबाबतचा २००५ चा कायदाच सांगतो. आमच्याकडे तो कपाटात होता. मी त्याला रंग दिला.

१०:३०
बारनिशीतून टपाल. बारा अर्ज, बारा जांभळ्या गाठी.

११:१५
एक आजी आल्या. श्रावणबाळ योजनेसाठी अर्ज, वय सदुसष्ट. पिशवीत प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि सगळ्यांवर साक्षांकनाचा शिक्का. त्यासाठी दोन दिवस गावच्या शाळेत हेलपाटे घातले होते.

"कुणी सांगितलं, आजी?"

"सगळेच सांगत्यात, बाई. शिक्का नसंल तर माघारी लावत्यात."

साक्षांकित प्रतीऐवजी अर्जदाराची स्वतःची सही चालेल, असा शासन निर्णय २०१५ चा आहे. आजींचे दोन दिवस आणि झेरॉक्सचे पैसे गेले, ते आमच्या खात्याने हे नीट सांगितलं नाही म्हणून. मला याचा संताप येतो. तो निर्णय मी मोठ्या अक्षरांत छापून खिडकीवर चिकटवला होता. दोनदा कुणीतरी काढला. तिसऱ्यांदा मी तो पतंगाच्या कागदावर, शेपटीसकट लावला. आता तो कुणी काढत नाही. पोरं आईला ओढत वाचायला आणतात. आजींकडून मी एकेक प्रत ठेवून घेतली, बाकीचा गठ्ठा त्यांच्या पिशवीत परत घातला.

दुपारी १:३०
डबा. शिपाईमामांनी विचारलं, उद्याचा रंग कोणता? त्यांची पैज हिरव्यावर होती.

२:१५
त्रुटीची पत्रं. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' हे मी लिहीत नाही. मी लिहिते: 'काका, अर्जाला पासबुकाची प्रत जोडलेली नाही. तेवढी घेऊन या. दुसरं काही नको.' पहिलं असं पत्र आमच्या साहेबांनी, म्हणजे रावसाहेबांनी, लाल शेरा मारून परत पाठवलं होतं. मी तेच पुन्हा ठेवलं, सोबत आधीच्या सरकारी भाषेतल्या पत्राची प्रत. ते पत्र घेऊन तोच माणूस तीन वेळा फक्त अर्थ विचारायला आला होता. रावसाहेबांनी दोन्ही वाचली आणि सही केली. तेव्हापासून ते शेरा मारत नाहीत.

४:००
गावोगावच्या चौकशी अहवालांसाठी फोन. तलाठी भाऊसाहेबांनी दोन अहवाल पाठवले.

५:३०
फितींची मोजणी. जुन्या जांभळ्या दोन निघाल्या. एकीत उत्पन्नाचा दाखला आज लागला; मर्यादा वर्षाला २१,००० रुपयांची, दाखल्यात १८,०००. ती फाइल पुढे गेली. दुसरी माझ्याकडून राहिली होती, कारण काही नाही. तीही संपवली.

६:१५
कुलूप. तुम्ही अर्ज घेऊन कुठल्याही कार्यालयात जाल तेव्हा एक करा: प्रतीवर स्वतः सही करा, अर्ज दिल्याची तारीख घरी कॅलेंडरवर लिहा आणि सात कामाचे दिवस मोजून टेबलापाशी जा. रंग विचारा.