बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

आंबिवलीच्या पुढे एका शेडचं काम होतं. काँक्रीटचे खांब आणि भिंतींचे पॅनल यार्डात ओतून आलेले, आमच्याकडे फक्त जोडणी. खांबात बसवलेल्या लोखंडी प्लेटवर बोल्ट वेल्ड करायचे होते. हाताखालच्या पोराने मोहने गावातल्या दुकानातून ८.८ चे बोल्ट आणले. म्हणाला, "दादा, भारीतले आणलेत." एक वेल्ड केला, गार होऊ दिला आणि त्यालाच म्हटलं, घाल घाव. दुसऱ्या घावाला बोल्ट वेल्डच्या टाक्याच्या कडेशी काडकन तुटला. जरासुद्धा वाकला नाही. तुटलेलं तोंड साखरेसारखं दाणेदार दिसत होतं.

माझे वडील एनआरसी कारखान्यात फिटर होते. बोल्ट हातात घेतला की आधी त्याचं डोकं वाचायचं, हे त्यांनी शिकवलं. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, साधारण ८० किलो, इतक्या ओढीपर्यंत तो तुटत नाही. दुसरा ८ सांगतो, की त्याच्या ८० टक्के ओढीला तो कायमचा ताणला जाऊ लागतो. साध्या ४.६ ची ताकद याच्या निम्मी.

मग भारीतला का तुटला? कारण त्याची ताकद भट्टीतून आलेली असते. लालबुंद तापवून एकदम थंड करतात, मग किमान ४२५ अंशांवर पुन्हा शेकतात. वेल्डिंगच्या ठिणगीखाली लोखंड १५०० अंशांवर वितळतं. तिथला सगळा शेक बिघडतो. टाक्याच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो, त्यामागचा मऊ पडतो.

म्हणून ८.८ भोकातून घालून नटाने आवळावा. वेल्डच करायचा असेल, तर सौम्य पोलादाचा ४.६ घ्यावा, पण जाड. २० मिलिमीटरचा ८.८ सुमारे २० टनांना तुटतो. ३० मिलिमीटरचा ४.६ त्याच तोडीचा भार घेतो. नेमका हिशोब इंजिनिअरने करायचा. जस्ताचा मुलामा आधी घासून काढायचा. वेल्डिंगचा ७०१८ रॉड भट्टीत शेकून गरमच वापरायचा. आमच्या उल्हास नदीकाठच्या पावसाळी हवेत तो लगेच ओल धरतो आणि ती ओल टाक्यात चीर पाडते. टाका तुकड्यातुकड्याने घालायचा, नाहीतर प्लेटभोवतीचं काँक्रीट तडकतं.

सांध्याची एवढी काळजी का? जागेवर ओतलेल्या इमारतीत सळया एका मजल्यातून दुसऱ्यात जातात. तयार पॅनलच्या बांधकामात सगळी भिस्त सांध्यावर. १६ मे १९६८ ला लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत निसटली आणि त्या कोपऱ्यातले वरपासून खालपर्यंतचे मजले कोसळले. ४ माणसं गेली. त्या भिंती काँक्रीटच्याच होत्या. कच्चे होते ते त्यांचे सांधे.

पॅनल उभा राहिला की टाका सिमेंटच्या गिलाव्याखाली जातो. पुढची पन्नास वर्षं तो कोणाला दिसत नाही. म्हणून आता आमच्याकडे गिलावा करण्याआधी तोच पोरगा प्रत्येक सांध्यावर बॅटरी मारून बघतो. आणि दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "वेल्ड करायचाय, आवळायचा नाही, ४.६ आहे का?"