दोष दृष्टीचा नव्हे, जोडणीचा

नोकरीनिमित्त नोएडात स्थिरावल्यानंतर गावी एकट्या राहणाऱ्या आईला आम्ही येथे आणले. शेजारपाजार हिंदी भाषिक. त्यामुळे सायंकाळच्या मराठी मालिका हाच तिचा विरंगुळा. तिच्यासाठी मासिक हप्त्यांवर ४३ इंची हाय डेफिनिशन दूरचित्रवाणी संच घेतला. आठच दिवसांत ती म्हणाली, "अरे, माणसांचे चेहरे पुसट दिसतात. माझं ऑपरेशन बिघडलं की काय?"

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला वर्षही झाले नव्हते. तिने मालिका पाहणे सोडले, पोथीही मिटून ठेवली. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले, "दृष्टी उत्तम आहे." मग मात्र आम्ही संचाकडे वळलो आणि आमचे अज्ञान उघडे पडले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! नोएडा आणि दूरचित्रवाणीचे नाते जुने आहे. सॅमसंगच्या येथील कारखान्यातून १९९७ मध्ये पहिला दूरचित्रवाणी संच बाहेर पडला. सेक्टर १६ ए मधील फिल्म सिटीत अनेक वाहिन्यांची कलागृहे आहेत, आणि २००३ मध्ये देशातील पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू करणाऱ्या डिश टीव्हीचे कार्यालयही तेथेच. अशा नगरीत राहून आम्ही नव्या संचावर जुनेच चित्र पाहत होतो.

साखळीतील तीन कड्या

साध्या प्रक्षेपणातील चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे असते. पूर्ण हाय डेफिनिशन चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात, नेमके पाचपट. मात्र हा तपशील वाहिनी, सेट टॉप बॉक्स आणि केबल या तिन्ही कड्यांतून संचापर्यंत पोहोचला पाहिजे. एक कडी कच्ची राहिली, तरी मोठ्या पडद्यावर लहान चित्र ताणून दिसते.

आमच्या तिन्ही कड्या कच्च्या होत्या. वाहिनी साधी, बॉक्स जुना आणि जोडणी पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या केबलची. ही केबल हाय डेफिनिशन चित्र वाहून नेऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय केबल लागते. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ पासून उपलब्ध आहेत. परंतु त्या आपल्या पॅकमध्ये आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. बॉक्सच्या मेनूमध्ये चित्राचा दर्जा १०८० वर ठेवलेला आहे ना, याचीही खात्री करावी.

येथे दोन खर्च टाळता येतात. चित्र पुसट दिसते म्हणून छत्री फिरवून घेण्यात अर्थ नाही. डिजिटल संदेश क्षीण झाला, तर चित्र धूसर होत नाही, ते तुकड्यांत फुटते किंवा थिजते. तसेच दोन-तीन मीटरच्या अंतरासाठी महागडी एचडीएमआय केबल घेण्याचेही कारण नाही. साधी, सुस्थितीतील केबल तेच चित्र देते.

रिमोटच्या साहाय्याने

दुकानातील लखलखाटात उठून दिसण्यासाठी असलेली 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' पद्धत घरात भडक वाटते. त्याऐवजी 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' निवडावे. रंगछटा 'वॉर्म' ठेवावी. प्रथम चित्र पिवळसर वाटेल, पण काही दिवसांत डोळे सरावतात आणि चेहऱ्यांचे रंग नैसर्गिक दिसू लागतात.

'शार्पनेस' वाढविल्याने तपशील वाढत नाही, केवळ कडांभोवती पांढरी रेघ उमटते. तो कमीच असावा. खोलीतील उजेडानुसार 'बॅकलाइट' बदलावा. 'ब्राइटनेस'चा संबंध मुख्यतः काळ्या रंगाशी आहे: तो फार वाढविला तर काळा रंग राखाडी होतो, फार घटविला तर काळोखातील तपशील बुडतो. चित्रपट पाहताना हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' हा पर्याय निवडावा.

बैठक आणि निगा

पूर्ण हाय डेफिनिशन चित्राचा तपशील दिसण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतर योग्य मानले जाते. ४३ इंची संचासाठी ते सव्वापाच फुटांच्या आसपास येते. आमची बैठक बारा फुटांवर होती! संच खिडकीसमोर ठेवू नये. तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. पडदा पुसताना संच बंद करून मऊ, कोरडे फडके वापरावे; त्यावर पाणी किंवा काच पुसण्याचे द्रव्य फवारू नये.

वाचकहो, मोठी वस्तू घेताना आपण किंमत, व्याज आणि हप्ता काटेकोरपणे पाहतो. ती पूर्णपणे उपयोगात येते की नाही, हे पाहण्यास मात्र विसरतो. खात्यात रक्कम असूनही ओढगस्तीत राहावे, तसेच हे.

बॉक्स बदलला, नवी केबल जोडली, बैठक पुढे सरकवली. त्या सायंकाळी आई काही वेळ नुसतीच पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हिच्या पैठणीच्या काठावर मोर आहेत की रे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोथीही उघडली.