तीस हजारांचा फिरता निधी

मंगरूळपीर तालुक्यातली शेती मुख्यतः पावसावरची, सोयाबीन-तुरीची. पेरणीच्या तोंडावर हातउसने मिळणे सोपे नसते, आणि सावकाराकडचे पैसे महाग पडतात. अशा ठिकाणी ‘उमेद’ अभियानातून महिला बचत गटाला मिळणारा फिरता निधी दिसायला किरकोळच. आधी तो 10 ते 15 हजार होता. 2023 मध्ये राज्याने तो 30 हजार केला. दहा जणींत वाटला तर वाट्याला तीन हजार. एवढ्यात काय होणार, हा आक्षेप रास्त वाटतो, पण हिशेबच चुकीचा आहे. ही रक्कम वाटून घ्यायची नसतेच. ती गटाच्या बचतीत मिसळते, एकीला बियाण्यासाठी, दुसरीला शेळीसाठी कर्जाऊ जाते आणि व्याजासह गटाकडेच परत येते.

शिवाय निधी गट स्थापल्याबरोबर मिळत नाही. नियमित बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नीट लिहिलेली वही हे काही महिने दिसावे लागते. म्हणजे सवय आधी, पैसा नंतर. बँकही पुढे कर्ज देताना हीच वही तपासते. केवळ निधीसाठी गट उभे राहतात, हेही काही ठिकाणी खरे आहे. पण तो दोष छोट्या रकमेचा नव्हे, गटांची उद्दिष्टे घाईने पुरी करण्याचा (सरकारी मार्च महिना सगळ्यांना ठाऊक आहेच). सोयाबीनचा भाव पडला तर मात्र हा निधी तारणार नाही. ते त्याचे कामही नाही.